हरकत

वस्तीचं नाव सजा.
शारजा शहराच्या पाठीमागे, सिमेंटच्या कारखान्यांना लागून.
आमच्याकडे तलाठ्याचा सजा असतो, कोर्टाची सजा असते.
इथल्या भाषेत काय, ते सतरा वर्षांत मी विचारलं नाही.

त्या पहाटे बसगाड्या आल्या, दारं उघडली, कुणी चढलं नाही.
दोनशे अकरा माणसं. मोजली मीच,
मी टाइमकीपर, मोजणं हीच माझी भाकरी.
गेटबाहेरच्या रस्त्यावर बसले सगळे,
मांडी घालून, पंगतीला बसावं तसे,
ज्याच्या त्याच्या पुढ्यात उघडा डबा,
आत काही नाही.
पगाराला पाच महिने झाले होते
आणि मेसवाल्याने सोमवारपासून डाळही बंद केली होती.

घोषणा नव्हत्या.
कुठल्या भाषेत द्यायच्या?
करीमनगरचा एल्लय्या, सिल्हेटचा मोफज्जल,
धनगढीचे तिघे भाऊ, एकमेकांशीही न बोलणारे.
एकाचा चमचा तेवढा डब्यावर वाजला
आणि शेजाऱ्याने त्याचं मनगट धरलं.

मी उभा होतो. हजेरीवही काखेत.

ऊन चढलं तेव्हा पोलीस आले, सहा गाड्या.
लाठी कुणी उगारली नाही, हे सांगायला हवं.
कॅप्टन तरणा होता, आखीव दाढीचा.
अरबी कुणाला येते, त्याने विचारलं.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
बाणकोटच्या मदरशात घोकलेली अक्षरं
आणि इथल्या साइटवरच्या शिव्या,
एवढीच माझी अरबी.

तो म्हणाला, तजम्मू ममनू.
मी हिंदीत सांगत गेलो, पण आत मराठीच उमटलं:
जमावाला मनाई.
शब्द इतके घरचे निघाले की मी दचकलो,
जणू हा हुकूम आमच्याच ओटीवर बसून
कुणीतरी लिहून घेतला होता.

तो म्हणाला, वला हरका.
म्हणजे कुणी हलायचं नाही.
आमच्यात हरकत नाही म्हणजे खुशाल करा!
क्षणभर वाटलं, परवानगीच देतोय.
कंपनी सोडायला जो कागद लागतो,
ज्याच्यासाठी एल्लय्या दोन वर्षं ऑफिसच्या दाराशी झुरला,
त्याचंही नाव तेच, ना हरकत.

मग विचारलं, काय म्हणणं आहे यांचं?
एल्लय्या तेलुगूत खूप वेळ बोलला.
आईचं ऑपरेशन होतं त्यात, व्याजाचा दर होता,
एका मेलेल्या मित्राची चप्पल होती.
तेलुगूतून हिंदीत, हिंदीतून माझ्याकडे,
आग विझवणाऱ्यांच्या रांगेत बादली यावी तसं आलं ते, सांडत सांडत.
माझ्या तोंडून कॅप्टनपर्यंत एकच शब्द पोचला:
हक्क.
त्याने मान हलवली. तो त्याचाही शब्द होता.

मग, यांचा प्रमुख कोण?
दोनशे अकरा माणसं डब्यांत बघू लागली.
नाहीच कुणी, मी म्हणालो. हे खरं होतं.
त्याने माझं कार्ड मागितलं.
वाचलं, शरफुद्दीन मुकादम,
आणि मोठ्याने हसला. अरे, तू तर माझ्याहून वरचा!
त्यांच्या पोलिसात मुकद्दम हा मोठा हुद्दा.
आमच्या खापरपणज्याने खाडीच्या तरीवर
माणशी एक पैसा गोळा केला, त्याचं हे उरलेलं.
कॅप्टन हसतच होता, शिपाई लिहीत होता.
कागद मला उलटा दिसत होता, तरी कळलं,
पहिली ओळ, रिकामा चौकोन,
त्यात माझं नाव.

हे फक्त आडनाव आहे, असं सांगायचं होतं.
हक्क, हुकूम, मनाई, कायदा, सगळं जिभेवर होतं.
आडनावाला अरबीत काय म्हणतात
ते आठवेना.

दुपारी माणसं उठली.
एल्लय्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या,
कॅप्टनने हात दिला, ओढून उभा केला,
पाठीवरची धूळसुद्धा झटकली.
बसगाड्या भरल्या, साइटकडे गेल्या.

मी बसलो. त्या दिवसात पहिल्यांदाच,
गाडीत, मागच्या सीटवर, दोघांच्या मध्ये.
काचेतून रस्ता दिसत होता.
घाईत तिथंच राहिलेले सात-आठ डबे,
त्यांत वाळू जात होती.
झाकणं तरी लावायला हवी होती कुणीतरी.